रवांडाची उतरंड

शुक्रवार, 21 फेब्रुवारी 2025 : किगाली

मुंबई ते आदिस अबाबा, तिथून रवांडाची राजधानी किगाली. विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभ्या असलेल्या मुलीनं माझ्या पुढच्या राजकोटच्या काकांना बॅग उघडायला लावली आणि ठेपल्यांवरचं प्लॅस्टिक काढून घेतलं. ठेपले कागदी पिशवीत घालून परत दिले, वर ‘सॉरी’ म्हणाली. इथे प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर 2008 पासून बंदी आहे. आपल्याकडेही आहे म्हणे.

मी नाशिक जिल्ह्यात आशा सेविकांच्या प्रशिक्षणाचं काम करते. सार्वजनिक आरोग्याच्या कुठल्याही कार्यशाळेत जेवणानंतरच्या सत्रात रवांडाची स्लाइड येतेच. एक लाख जन्मांमागे मातामृत्यू 2000 च्या पाहणीत 1,071, आणि 2019-20 च्या पाहणीत 203. पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू हजारी 196 वरून 45 वर. टाळ्या, मग चहा. हे झालं कसं असं विचारलं तर ‘राजकीय इच्छाशक्ती’ एवढंच उत्तर मिळतं. ही इच्छाशक्ती डोंगरावरच्या शेवटच्या घरापर्यंत पोचते कशी आणि तिची किंमत कोण मोजतं, ते कुणी सांगत नाही. ओळखीच्या एका डॉक्टरबाईंनी इथल्या लोकांशी गाठ घालून दिली, मी रजा टाकली आणि निघाले.

देश केवढा, तर अहिल्यानगर आणि सातारा हे दोन जिल्हे जोडले की साधारण झाला. माणसं मात्र 2022 च्या जनगणनेनुसार 1 कोटी 32 लाख. सपाट जमीन म्हणाल तर नावाला. घरं, शेतं, शाळा, सगळं उतारावर.

दुपारी गिसोझीच्या नरसंहार स्मारकात गेले. अडीच लाखांहून अधिक माणसं इथे पुरलेली आहेत. 6 एप्रिल 1994 च्या रात्री राष्ट्राध्यक्ष हाब्यारिमाना यांचं विमान पाडलं गेलं आणि पुढच्या शंभरेक दिवसांत आठ ते दहा लाख माणसं मारली गेली, बहुतेक सगळी तुत्सी या अल्पसंख्य जमातीची. बेल्जियन राजवटीनं 1930 च्या दशकात ओळखपत्रावर जमात छापायला सुरुवात केली होती. नाक्यानाक्यावर तेच कार्ड बघून कुणाला सोडायचं ते ठरलं. लहान मुलांच्या दालनात एकेका मुलाचा मोठा फोटो आहे आणि खाली त्याचं वय, आवडीचं खाणं, आवडीचं खेळणं आणि त्याला कसं मारलं, एवढंच. त्या दालनात मी फार वेळ थांबले नाही.

बाहेर बागेत बसल्यावर डोक्यात घोळत राहिली ती यंत्रणा. ही टोळक्यांनी पेटवलेली दंगल नव्हती. प्रांताचा प्रमुख म्हणजे प्रीफेक्ट, त्याच्या खाली बर्गोमास्टर, त्याच्या खाली वाडीचा मुखिया, अशी सरकारी उतरंड होती आणि वरून निघालेला हुकूम ती शेवटच्या उंबऱ्यापर्यंत पोचवत होती. बुतारे प्रांताचा प्रीफेक्ट देशातला एकमेव तुत्सी प्रीफेक्ट होता. तो अडून बसला, तर त्याला पदावरून काढेपर्यंत, म्हणजे जवळपास दोन आठवडे, त्या भागात मोठी कत्तल झाली नाही. मधलं एक मडकं हललं की उतरंड थांबते, असा त्याचा अर्थ मी लावला. बरोबर असेलच असं नाही.

रात्री हॉटेलच्या टीव्हीवर बातमी आली. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं ठराव 2773 एकमतानं मंजूर केला होता: रवांडाच्या सैन्यानं काँगोतल्या एम-23 बंडखोरांना मदत देणं थांबवावं आणि काँगोतून माघारी जावं. काउंटरवरच्या मुलानं रिमोट उचलून फुटबॉल लावला.

शनिवार : किगाली

महिन्याचा शेवटचा शनिवार म्हणजे उमुगांडा. सकाळी आठ ते अकरा देशभर श्रमदान. अठरा ते पासष्ट वयाच्या प्रत्येकानं यायचं, न आल्यास पाच हजार फ्रँकपर्यंत दंड. दुकानं बंद, रस्त्यावर गाड्या नाहीत, चौकात पोलीस. मी जिच्याकडे चहाला जाणार होते ती नर्स मला सरळ फावडं देऊन गटारावर घेऊन गेली. दिवसभरात फावड्याशी माझी एवढीच ओळख झाली की ते आपल्यापेक्षा लांब दांड्याचं असतं. माझ्या शेजारी एक वकीलसाहेब बुटांवर पिशव्या बांधून उभे होते. पिशव्या अर्थात कापडी.

आपण गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान केलेलं आहे. तपासणी पथक येणार म्हणून आदल्या रात्री गाव झाडायचं, बक्षीस मिळालं की फलक लावायचा आणि पुढच्या पावसात पुन्हा येरे माझ्या मागल्या. इथे पथक येत नाही, कारण पथक गावातच राहतं. सर्वांत खालचं एकक म्हणजे उमुदुगुडू, साधारण शंभर-दीडशे घरांची वस्ती. देशात अशा 14,837 वस्त्या. त्यांच्यावर 2,148 कक्ष, त्यांच्यावर 416 विभाग, त्यांच्यावर 30 जिल्हे. प्रत्येक वस्तीला प्रमुख असतो आणि त्याच्या वहीत प्रत्येक घर असतं. जिल्ह्याचा महापौर दर वर्षी थेट राष्ट्राध्यक्षांसमोर लेखी करार करतो, त्याला इमिहिगो म्हणतात: इतके संडास बांधीन, इतकी घरं आरोग्यविम्यात आणीन. पुरा केला नाही तर खुर्ची जाऊ शकते. म्हणून तो विभागप्रमुखाच्या मागे, विभागप्रमुख कक्षाच्या मागे, आणि वस्तीप्रमुख रविवारी सकाळी तुमच्या दारात.

काम संपल्यावर सगळे एका आवारात बसले. खरा उमुगांडा तोच, असं नर्सचं म्हणणं. वस्तीप्रमुख म्हणजे निळा शर्ट घातलेली पन्नाशीची बाई. तिनं वही उघडून विम्याची वर्गणी राहिलेल्यांची नावं वाचली. चारचौघांत, मोठ्यानं. एक तरुण पोरगा खाली बघत उठला आणि पुढच्या आठवड्यात भरतो म्हणाला. शेजारची म्हातारी हसली, कुणीतरी टाळी वाजवली. वातावरण खेळीमेळीचंच होतं. पण माझ्या पोटात जरा खड्डा पडला.

हा विमा म्हणजे म्युच्युएल द सांते. 1999 मध्ये प्रयोग म्हणून सुरू झाला, मग देशभर नेला. बहुतेकांना माणशी वर्षाला तीन हजार फ्रँक पडतात, म्हणजे आपले पावणेदोनशे-दोनशे रुपये. अगदी गरिबांचे सरकार भरतं. आरोग्य केंद्रात गेलं की दोनशे फ्रँक, रुग्णालयात बिलाच्या दहा टक्के. दहातले आठ-नऊ जण यात आहेत. आफ्रिकेत दुसरीकडे गरीब देशाला हे जमल्याचं उदाहरण शोधावं लागेल. वर्गणी भरली नाही म्हणून सुरुवातीच्या वर्षांत शेळी उचलून नेली, बाजारात बसू दिलं नाही, अशा तक्रारीही अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत. ऐच्छिक योजनेत एवढी माणसं कशी आली, याचं अर्धं उत्तर त्या वहीत आहे.

नर्सला मी विचारलं, ‘या बैठकीत कधी कुणी सरकारला शिव्या घालतं का?’ ती म्हणाली, ‘नळाला पाणी नसेल तर पाणीखात्याला घालतात.’

रविवार : मुसान्झे

मुसान्झे दोन तासांवर. गाडीवान, त्याला इथे सगळे ‘शेफ’ म्हणतात, रवांडाचा इतिहास सोडून सगळ्या विषयांवर बोलतो. गेल्या जुलैतल्या निवडणुकीबद्दल विचारलं. पॉल कागामे यांना 99.18 टक्के मतं पडली होती. 2017 मध्ये 98.79. ‘वाढली,’ तो म्हणाला, आणि पावसाबद्दल बोलू लागला.

कागामे 2000 पासून राष्ट्राध्यक्ष आहेत. 1994 च्या जुलैत ज्या सैन्यानं किगाली घेऊन कत्तल थांबवली त्याचे ते सेनापती. 2015 च्या सार्वमतानं त्यांना 2034 पर्यंत राहता येईल अशी घटना केली. व्हिक्टोआर इंगाबिरे विरोधात उभी राहायला परत आली ती तुरुंगात गेली, डियान र्‍विगाराचा उमेदवारी अर्ज दोनदा बाद झाला. दुसऱ्या बाजूला संसदेच्या खालच्या सभागृहात साठ टक्क्यांहून अधिक बायका आहेत, आणि रात्री अकराला मी किगालीत एकटी चालत हॉटेलवर आले.

मुसान्झे बटाट्याचं गाव. ज्वालामुखींच्या पायथ्याची काळी जमीन. जेवायला बटाटा, राजम्यासारखे बीन्स, कसाव्याच्या पानांची इसोंबे आणि इकिवुगुतो. शेवटचं म्हणजे दाट ताक. मी तीन पेले घेतले.

सोमवार : बुतारो

बुरेरा जिल्ह्याला 2011 आधी जिल्हा रुग्णालय नव्हतं. तीन लाखांवर वस्ती, डॉक्टर एकही नाही. तिथे आता बुतारोचं रुग्णालय उभं आहे, टेकडीच्या माथ्यावर, सरकार आणि पार्टनर्स इन हेल्थ या संस्थेनं मिळून बांधलेलं. भिंती त्याच ज्वालामुखीच्या दगडाच्या. शेतकरी तो दगड बांधावर फेकून द्यायचे, आणि गवंड्यांनी तो इतका घट्ट बसवलाय की चुना शोधावा लागतो. गवंडीही गावातलेच.

वॉर्डात शिरले आणि खाटांची मांडणी बघत राहिले. आपल्याकडे खाटांचं डोकं भिंतीला, रुग्णाचं तोंड समोरच्या रुग्णाच्या खोकल्याकडे. इथे मधोमध बुटकी भिंत, खाटांचं डोकं तिला, आणि प्रत्येक रुग्णाचं तोंड खिडकीकडे. खिडकीत दरी. वर मोठे संथ पंखे आणि हवेतले जंतू मारणारे अतिनील दिवे. बाहेरच्या बाजूनं पडव्या, म्हणजे गर्दी उघड्यावर थांबते. क्षयाची साथ बंद बोळात पसरते हे ध्यानात ठेवून बांधलेलं आहे. या सगळ्याला फार पैसा लागला नसेल, डोकं लागलं. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत मी हे फोटो दाखवणार आहे आणि कंत्राटदार काय म्हणतील तेही मला ठाऊक आहे.

2012 पासून इथे कर्करोगाचा विभागही आहे. खेड्यात केमोथेरपी कशाला, असं म्हणणारे तेव्हा पुष्कळ होते. संस्थेचे एक संस्थापक डॉ. पॉल फार्मर उलट विचारत, की गरिबाला कर्करोग होत नाही का? 2022 च्या फेब्रुवारीत बुतारोतच त्यांचं निधन झालं. रुग्णालय उभं राहिलं त्या सुमाराची आणखी एक गोष्ट. 2011 मध्ये रवांडानं शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची एचपीव्ही लस द्यायला सुरुवात केली, आफ्रिकेत पहिल्यांदा देशभर, आणि पहिल्याच वर्षी नव्वद टक्क्यांवर मुलींना ती मिळाली. सहावीच्या वर्गात जाऊन दिली. ज्या मुली शाळेत नव्हत्या त्यांना वस्त्यांवरच्या आरोग्यसेविकांनी शोधून आणलं. पुन्हा तीच वही.

औषधालयात फळीवर मलेरियाच्या गोळ्यांची आणि एचआयव्हीच्या औषधांची खोकी रचलेली होती. निम्म्याहून अधिकांवर ‘मेड इन इंडिया’. 2001 मध्ये मुंबईच्या सिप्लानं एचआयव्हीचं तीन औषधांचं मिश्रण वर्षाला 350 डॉलरमध्ये देऊ केलं, तेव्हा पेटंटवाल्या कंपन्यांचा भाव दहा हजारांच्या वर होता. आफ्रिकेत लाखो माणसं जगली त्यात या भावाचा वाटा मोठा. ती औषधं खरेदी करायला पैसा मात्र 2003 पासून अमेरिकेच्या पेपफार योजनेनं आणि ग्लोबल फंडानं दिला. औषधालयाच्या बाईंनी महिन्याभरात नवा माल येईल की नाही ते माहीत नसल्याचं सांगितलं. 20 जानेवारीला वॉशिंग्टनमध्ये एका सहीनं परदेशी मदत गोठवली गेली होती.

मंगळवार : बुरेरातली एक वस्ती

यासाठीच आले होते.

आरोग्य केंद्रापासून पाऊण तास चढण. नर्स पुढे, मी धापा टाकत मागे, आणि आमच्यामागे ‘उमुहिंदी, उमुहिंदी’ (म्हणजे भारतीय) म्हणत सात-आठ पोरं. आरोग्यसेविका अंगणातच भेटली, चाळिशीची, डोक्याला फडकं, पायात गमबूट. इथे बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावानं ‘अमक्याची मामा’ म्हणतात, मामा म्हणजे आई, म्हणून मीही तिला मामाच म्हणत राहिले. अशा सेविका आणि सेवक देशात पन्नास हजारांवर आहेत. सरकार नेमत नाही, वस्तीच हात वर करून निवडते.

आम्ही टेकतोय तोवर एक बाई दीड वर्षाचं पोर घेऊन आली. ताप. मामानं खोलीतून कुलूपबंद लाकडी पेटी आणली. आधी हात धुतले. मग वहीत नाव, वय, तारीख. पोराच्या बोटाला टोचून रक्ताचा थेंब मलेरियाच्या पट्टीवर घेतला, दुसऱ्या खाचेत द्रावणाचे थेंब टाकले आणि पट्टी खिडकीत ठेवून मोबाइलवर पंधरा मिनिटं लावली. तोवर ती स्वस्थ बसली नाही. पोराचा अंगरखा वर केला, आईला त्याला दूध पाजायला सांगितलं म्हणजे ते रडणार नाही, आणि घड्याळ हातात धरून छातीची हालचाल मोजायला लागली. ओठ हलत होते, आवाज नाही. मीही मनात मोजत होते. तिचे बावन्न झाले, माझे एक्कावन. या वयाला चाळीस किंवा त्याच्या वर म्हणजे न्यूमोनिया. पट्टीवर एकच रेघ आली, मलेरिया नाही. पेटीतून अमोक्सिसिलिनच्या विरघळणाऱ्या गोळ्या निघाल्या. पहिली गोळी तिनं स्वतः चमच्यात विरघळवून पाजली, आईकडून डोस पुन्हा म्हणवून घेतला, दंडाचा घेर तीनरंगी पट्टीनं मोजला. पिवळा. त्यावर मामाचा चेहरा पहिल्यांदा कडक झाला आणि तिनं आईला बरंच काही सुनावलं. नर्सनं भाषांतर केलं नाही.

अतिसारासाठी ओआरएस आणि झिंक, मलेरियासाठी गोळ्या, न्यूमोनियासाठी प्रतिजैविक, हे तिन्ही वस्तीतच. पहिला महिना पार केलेली लहान पोरं मरतात ती प्रामुख्यानं याच तिघांनी. मोठ्यांचा मलेरियाही 2016 नंतर तिच्याकडे आला. गडचिरोलीत बंग दांपत्यानं 1980 च्या दशकाअखेरीस गावातल्या माणसांना श्वास मोजायला शिकवून न्यूमोनियावर औषध द्यायला लावलं होतं आणि बालमृत्यू कमी होतात हे दाखवलं होतं. जामखेडच्या आरोळे डॉक्टरांनी तर 1970 पासून निरक्षर बायकांच्या हाती आरोग्य दिलं. ही विद्या आपल्याला परकी नाही. पण माझ्या जिल्ह्यात आशाच्या पिशवीत अमोक्सिसिलिन असेल की नाही हे तालुक्यावर, साठ्यावर आणि त्या महिन्यावर अवलंबून. इथे पेटी रिकामी झाली की मामा फोनवरून कळवते आणि आरोग्य केंद्रावर जाऊन भरून आणते. केंद्रानं दिलं नाही तर ते वर दिसतं, आणि वर दिसलं की इमिहिगोत लागतं.

चहाला आल्याचा मस्त वास होता. मग प्रश्न विचारायची पाळी तिची. पहिलाच, ‘तुमच्याकडच्या बायकांना पगार किती?’

मी सांगितलं. कामावर मोबदला, वर राज्याचं मानधन. 2023 च्या ऑक्टोबरात संप झाला, आश्वासन मिळालं, कागद निघाला नाही म्हणून 2024 च्या जानेवारीपासून पुन्हा संप, हजारो जणी मुंबईत आझाद मैदानावर बसल्या, शेवटी महिन्याला पाच हजारांची वाढ झाली. नर्स भाषांतर करत होती. मामानं मध्येच थांबवून काहीतरी विचारलं, नर्सनं तिलाच परत विचारलं, मग मला म्हणाली, ‘त्या मैदानावर बसल्या तेव्हा गावातल्या पोरांना कुणी बघितलं, असं विचारतेय.’

‘कुणीच नाही,’ मी म्हणाले. ‘म्हणून तर सरकार ऐकलं.’

मामाला महिन्याचा पगार नाही. केंद्राच्या परिसरातल्या सेविकांची एक सहकारी संस्था आहे. कामगिरीप्रमाणे पैसे संस्थेत येतात, थोडे हातात पडतात, बाकीच्यातून संस्थेनं मक्याची गिरणी टाकलीय आणि डुकरं पाळलीत. नफा वर्षाअखेरीला. वाईट कल्पना नाही. पण कमी वाटले तर काय करता, यावर ती बराच वेळ बशीकडे बघत होती. मग म्हणाली, बैठकीत सांगतो. आणि पुढे? पुढे पुन्हा बैठकीत सांगतो.

उतरताना नर्सनं 2024 च्या सप्टेंबरचं सांगितलं. 27 तारखेला मारबर्गची साथ जाहीर झाली. इबोलाच्याच कुळातला विषाणू, पूर्वीच्या साथींत निम्म्याहून अधिक रुग्ण घेऊन जाणारा. खाणीतल्या वटवाघळांकडून आलेला, आणि किगालीच्या अतिदक्षता विभागातल्या डॉक्टर-नर्सेसमध्येच सर्वांत जास्त पसरलेला. एकूण 66 रुग्ण, 15 मृत्यू. 20 डिसेंबरला साथ संपल्याचं जाहीर झालं. आफ्रिकेतल्या मारबर्गच्या मोठ्या साथींत मृत्यूंचं प्रमाण एवढं कमी राहिल्याचं उदाहरण नाही. संपर्कात आलेली माणसं दोन-चार दिवसांत शोधून काढली, कारण कोण कुठे राहतं हे वहीत होतंच. तिची एक मैत्रीण त्या पंधरांत होती. पुढचा अर्धा तास आम्ही दोघी गप्प उतरलो.

बुधवार : रुबावू

किवू सरोवराच्या काठचं गाव. पलीकडे काँगोतलं गोमा शहर, मध्ये फक्त एक अडसर आणि पत्र्याची शेड. हा छोटा नाका. टोमॅटो, केळी, गाद्या, कोंबड्या, डोक्यावर, पाठीवर, हातगाडीवर. एम-23 नं 27 जानेवारीच्या सुमारास गोमा घेतलं. तिथल्या मृतांचा आकडा संयुक्त राष्ट्रांनी तीन हजारांच्या घरात सांगितला. इकडच्या बाजूलाही तोफगोळे पडून माणसं गेली. आता गोम्यातल्या बँका बंद, म्हणून तिकडची माणसं पैसे काढायला इकडे येतात. मोबाइल-मनीच्या पिवळ्या छत्र्यांखाली रांगा. रांगेतल्या एका बाईचा नवरा गोम्याच्या रुग्णालयात होता, आणि ती सलाईनच्या बाटल्या विकत घेऊन परत चालली होती. अडसराच्या अलीकडे तपमान मोजायचं यंत्र आणि हात धुवायची टाकी. एमपॉक्सच्या साथीसाठी. बंदुकीसाठी काही नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाच्या अहवालानुसार रवांडाचे तीन ते चार हजार सैनिक एम-23 बरोबर आहेत, आणि काँगोतल्या रुबायाच्या खाणींतलं कोल्टन हे खनिज दरमहा किमान 120 टन सीमा ओलांडून इकडे येतं. रवांडा सरकार सैनिक असल्याचं मान्य करत नाही. पलीकडे 1994 च्या मारेकऱ्यांचे वारस एफडीएलआर नावानं शस्त्र घेऊन बसलेत आणि काँगो सरकार त्यांना पोसतं, हे रवांडाचं म्हणणं. एफडीएलआर खरं आहे. खाणीही खऱ्या आहेत. बुतारोला खाटा खिडकीकडे वळवणारं आणि इकडे हे करणारं सरकार एकच, आणि दोन्हीकडे शिस्त तीच. स्लाइड दाखवणारे याबद्दल बोलत नाहीत. ज्यांना हे बोलायचं असतं ते मामाच्या पेटीबद्दल बोलत नाहीत.

काल ब्रिटननं रवांडा सरकारला थेट दिली जाणारी बरीचशी मदत थांबवल्याचं जाहीर केलं. बेल्जियमशी रवांडानं स्वतःच गेल्या आठवड्यात सहकार्य तोडलं. आणि रात्री फोनवर तिसरी बातमी: यूएसएड या सरकारी मदतसंस्थेचे परदेशातले 90 टक्क्यांहून अधिक करार अमेरिका रद्द करणार. ब्रिटननं तरी कारण सांगितलं होतं, गोमा. अमेरिकेच्या यादीत रवांडानं काय केलं किंवा नाही केलं याचा संबंधच नव्हता. हेच करार मलावीत, युगांडात, झांबियातही तुटले.

गुरुवार : मुहांगा

घाटातून चार तास, तेही फार उलट्या होणारे. मग ड्रोनचं ठाणं. झिपलाइन कंपनीनं 2016 च्या ऑक्टोबरात इथून रक्ताच्या पिशव्या उडवायला सुरुवात केली. फोमचं पांढरं छोटं विमान गलोलीवरून सुटतं, रुग्णालयावर कागदी छत्रीनं खोकं टाकतं आणि परत येताना दोन खांबांमधल्या दोरीवर शेपटीनं अडकतं. एका अभ्यासात रक्त मुदत संपून वाया जाण्याचं प्रमाण 67 टक्क्यांनी घटलेलं दिसलं, कारण प्रत्येक रुग्णालयाला साठा धरून बसावं लागत नाही. 2019 मध्ये महाराष्ट्र सरकारबरोबर याच कंपनीचा उपक्रम जाहीर झाला होता. ती विमानं मला नंदुरबारला काही दिसलेली नाहीत. बघायला मजा येते. मला मामाची पेटी जास्त आवडली.

शुक्रवार, 28 फेब्रुवारी : किगाली

विमान रात्री. दुपारी आरोग्य खात्यातल्या एका मध्यमवयीन अधिकाऱ्याबरोबर जेवण. येताना त्यानं मासोरोच्या औद्योगिक वसाहतीत बायोएनटेकचा लसकारखाना बाहेरून दाखवला. पांढरे कंटेनर जोडून केलेला. डिसेंबर 2023 मध्ये उद्घाटन झालं, बाजारात जाणारी लस अजून निघायची आहे. ‘हा कारखाना पुण्यामुळे झाला,’ तो म्हणाला. 2021 च्या मार्चमध्ये कोव्हॅक्स या जागतिक लसवाटप योजनेमार्फत त्यांना सीरम इन्स्टिट्यूटची कोव्हिशील्ड मिळाली आणि त्याच महिन्यात भारतानं निर्यात आवळली. ‘तुमच्याकडे माणसं मरत होती, तुम्ही दुसरं काय करणार? पण दुसरा डोस कुठून आणायचा ते आम्हाला रात्री जागून शोधावं लागलं.’ त्या दिवसांत मी नाशिकला ऑक्सिजनसाठी फोन लावत होते. त्याला ते सांगितलं. मग आम्ही दोघांनी बकऱ्याच्या सळईवरच्या मांसात लक्ष घातलं.

अमेरिकेबद्दल तो चिडलेला नव्हता. कागामे किती तरी वर्षं म्हणतायत की मदतीवर जगायचं नाही, त्यामुळे अधिकाऱ्यांना वाक्य तोंडपाठ आहे. आकडेमोड मात्र पाठ नव्हती. परदेशी पैसा आटला तर सेविकांच्या सहकारी संस्थांना मोबदला कुठून द्यायचा, यावर सोमवारी बैठक होती. त्यानं आशांबद्दल तपशिलात विचारायला सुरुवात केली: केंद्र किती देतं, राज्य किती, कुठल्या कामाला किती रुपये, पैसे थेट खात्यात की संस्थेमार्फत, उशीर किती होतो. उशिराचं ऐकून त्याला बरं वाटल्यासारखं दिसलं. संपाबद्दलही विचारलं. ‘आमच्याकडे तसं होत नाही,’ तो म्हणाला.

‘होत नाही की होऊ देत नाही?’

‘तुम्ही मंगळवारी वस्तीवर होता ना,’ तो म्हणाला, ‘तुम्हाला काय वाटलं?’ आणि बिल मागवलं.

मानधनवाढीचा 2024 चा शासन निर्णय माझ्या फोनमध्ये होता. तो त्याला हवा होता, पण सगळा मराठीत. विमानतळावर फाटक उघडेपर्यंत वेळ होता, तेवढ्यात त्यातले मोबदल्याचे तक्ते इंग्रजीत उतरवले, रुपयांपुढे फ्रँक लिहिले आणि पाठवून दिले. त्याचं उत्तर आदिसला उतरल्यावर आलं: आरोग्यवर्धिनीचा वेगळा मोबदला कुठल्या खात्यातून जातो? ते मलाही नाशिकला पोचून लेखा शाखेत विचारावं लागणार होतं.